जुन्नरची रदबदली

एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात चार ख्रिस्ती धर्मबंधू मारले गेले. तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे तिघे फ्रान्सिस्कन पंथाचे इटालियन साधू, चौथा त्यांच्यासोबतचा दुभाषा, तिफ्लिसचा डेमेट्रियस. ते उतरले होते ठाण्यातल्याच एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे. त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले, बायको फिर्याद घेऊन काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या पाहुण्यांची नावे सांगितली. काझीपुढे उभे राहिल्यावर घरगुती फिर्याद बाजूला पडली आणि येशू हा देव की माणूस यावर वाद पेटला. शेवटी महंमद पैगंबराविषयी तुमचे मत काय, असा प्रश्न आला. त्याला मिळालेल्या उत्तरानंतर त्या चौघांना वाचवणे कोणाच्याही हातात राहिले नाही. काही काळाने ठाण्याला आलेल्या ओदोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने ही हकिगत लिहून ठेवली आणि त्यांच्या अस्थी सोबत नेल्या. हकिगत अर्थातच एका बाजूची आहे, पण तिचा सांगाडा खोटा वाटत नाही. आज ज्याला आपण महाराष्ट्र म्हणतो त्या भूमीवर ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात धर्मावर समोरासमोर झालेल्या बोलण्याची ही फार जुनी नोंद आहे, आणि ते बोलणे चार प्रेतांवर थांबले.

दीडशे वर्षांनी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, जुन्नरला, असाच प्रसंग आला. माणूस ख्रिस्तीच होता, समोर सत्ता मुसलमानाची होती, आणि या वेळी मागणी तर थेट धर्मांतराची होती. तरीही तो माणूस जिवानिशी आणि धर्मासकट सुटला, शिवाय त्याचा घोडाही परत मिळाला. या दोन प्रसंगांमधला फरक कशाने पडला, हा या लेखाचा विषय आहे. या पट्ट्यात ख्रिस्ती-मुसलमान संवाद जगला तो वादसभेत नव्हे. एकाला दुसऱ्याची गरज होती अशा व्यवहारात तो जगला. त्याचे मोजमाप करायचे तर कोण कोणाला काय पटवू शकला हे पाहून भागत नाही; कोणी कोणासाठी कोणाच्या दारात शब्द टाकला, हे पाहावे लागते.

तो माणूस म्हणजे रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितीन. व्होल्गा नदीने खाली उतरताना आस्त्राखानजवळ तो लुटला गेला, माल गेला आणि पोथ्याही गेल्या. रिकाम्या हाताने घरी परतायचे तर कर्जाचे काय, म्हणून तो पुढेच सरकत राहिला. बाकू, इराण, होर्मुझ असे करत सहा आठवड्यांच्या समुद्रप्रवासानंतर तो चौलच्या बंदरात उतरला. सालाबद्दल दोन मते आहेत. जुन्या हिशेबाने तो १४६९ मध्ये आला, नंतरच्या संशोधकांच्या हिशेबाने १४७१ मध्ये. चौलहून पाली, तिथून उमरी नावाचे गाव आणि मग जुन्नर असा आपला मार्ग त्याने नोंदला आहे. सोबत होता एक घोडा, शंभर रूबल खर्चून इथवर आणलेला. हिंदुस्थानात चांगला घोडा पैदा होत नाही, तो समुद्रापलीकडून येतो आणि दाम दुप्पट होतात, हे गणित होर्मुझच्या बंदरात पोराटोरांनाही ठाऊक होते. बहमनी राज्याचे घोडदळ या आयातीवर उभे होते. आज भोसरी-मोशीवरून चाकण ओलांडून मंचर, नारायणगावकडे जाणारा रस्ता युरोपीय नावांच्या मोटारींनी भरलेला असतो. त्या काळी याच मुलखात परदेशी माल म्हणजे घोडा, आणि परदेशी माणसाला दारात उभे करून घेण्याचे कारणही बहुधा घोडाच.

जुन्नरला निकितीन पावसाळ्यात अडकला. दोन महिने मुक्काम पडला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, अशी त्याची तक्रार आहे, आणि मावळपट्टीचा पाऊस पाहिलेल्या कोणालाही ती खोटी वाटणार नाही. शहर एका खडकावर आहे, त्याला तटबंदी माणसाने नव्हे तर देवानेच घातली आहे आणि वर चढायची वाट इतकी अरुंद की दोघे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, हे त्याचे वर्णन शिवनेरीला चपखल बसते. घोड्यांना हरभरे चारतात, साखर-तूप घालून खिचडी देतात, हेही त्याने टिपले. याच पावसात लोक गहू पेरतात असे तो लिहितो, तेव्हा मात्र जुन्नरचा शेतकरी हसेल. पण पिकांच्या बाबतीत चुकणारा हा व्यापारी स्वतःच्या घोड्याच्या बाबतीत चुकला असेल असे वाटत नाही.

घोड्याची गोष्ट अशी. जुन्नरचा सुभा असदखानाकडे होता. हाताशी हत्ती आणि उत्तम घोडे असूनही हा खान माणसांच्या खांद्यावरून फिरतो, असा एक टोमणा निकितीनने जाता जाता मारला आहे. या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. मालक मुसलमान नसून रूसी आहे हे कळल्यावर त्याने शर्त घातली: आमचा धर्म स्वीकार, म्हणजे घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो, नाहीतर घोडा गेलाच, शिवाय तुझ्याकडून हजार मोहरा वसूल करतो. मुदत चार दिवसांची. दिवस ऑगस्टातले, ऑर्थोडॉक्स पंचांगातला मरियमेचा उपवास चालू, आणि मुदत संपत होती ती येशूच्या सणाच्या दिवशी. सणाच्या आदल्या दिवशी महंमद नावाचा एक खोरासानी तिथे आला. तो खजिनदार होता की नुसता खोजा म्हणवणारा प्रतिष्ठित माणूस, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. निकितीनने त्याचे पाय धरले. महंमद घोड्यावर बसून खानाकडे गेला, त्याने रदबदली केली, धर्मांतराची शर्त रद्द झाली आणि घोडाही सोडवून आणला. प्रभूने आपल्या सणाच्या दिवशी केलेला चमत्कार म्हणून निकितीन ही गोष्ट सांगतो. आणि लगेच पुढच्या वाक्यात आपल्या ख्रिस्ती भावांना बजावतो की हिंदुस्थानात यायचे असेल त्याने आपला धर्म रशियातच ठेवून, महंमदाचे नाव घेऊन यावे. कृतज्ञता आणि कडवटपणा त्याने एका दमात लिहून टाकला आहे.

खानाने का ऐकले? दया आली असेल, असे म्हणून सोडून देता येईल, पण त्या काळचे राजकारण वेगळे उत्तर सुचवते. बहमनी राज्यात खरी फूट हिंदू-मुसलमान अशी नव्हती, निदान तेवढीच नव्हती. ती दखनी आणि आफाकी, म्हणजे इथेच रुजलेले मुसलमान आणि इराण, खोरासान, अरबस्तानातून नव्याने आलेले मुसलमान, यांच्यात होती. या फुटीची सर्वांत भीषण खूण चाकणला आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यावर कोकणच्या मोहिमेत मलिक-उत-तुज्जार खलफ हसन बसरी हा परदेशी सरदार शिर्क्यांच्या डावात सापडून जंगलात मारला गेला. त्याचे उरलेसुरले परदेशी सैनिक चाकणच्या किल्ल्यात परतले. दखनी सरदारांनी त्यांच्यावर फितुरीचा आळ घेतला, सुलतानाला कागद पाठवले, किल्ल्याला वेढा घातला आणि अभयाचे वचन देऊन बाहेर काढलेल्या त्या लोकांची कत्तल केली. इतिहासकार फिरिश्त्याने ही हकिगत सविस्तर दिली आहे. मारणारे मुसलमान, मरणारे मुसलमान, त्यात सय्यदही होते. शिवकाळात फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाविरुद्ध लढवला तोच हा किल्ला. आज चाकणच्या बाजारापाशी त्याचे पडके बुरूज आहेत.

चाकणची ही गोष्ट लक्षात ठेवली की जुन्नरचा प्रसंग उलगडतो. निकितीन आला तेव्हा राज्याचा कारभार महमूद गवान पाहत होता, तोही गिलानहून आलेला, मुळात व्यापारी, आणि मलिक-उत-तुज्जार हाच किताब लावणारा. असदखान हा त्याच्याच हाताखालचा, असे निकितीन स्पष्ट लिहितो. म्हणजे खोरासानी माणूस जेव्हा परदेशी व्यापाऱ्यासाठी शब्द टाकायला गेला, तेव्हा तो अशा सरदाराकडे गेला ज्याचा धनी स्वतः परदेशी आणि एके काळचा व्यापारी होता. व्यापाऱ्याला असे नाडले तर होर्मुझच्या वाटेवर बोभाटा होईल, घोडे दुसऱ्या बंदराला लागतील, हे न बोलताही समजण्यासारखे होते. हा माझा तर्क आहे, निकितीनने तसे लिहिलेले नाही. पण धर्माच्या रेषेपेक्षा परदेशीपणाची रेषा त्या दिवशी जाड ठरली, एवढे त्याच्या मजकुरावरून दिसतेच. पुढे त्याने इथे जे नाव धारण केले ते खोजा यूसुफ खोरासानी. ज्या गटाने त्याला वाचवले त्याच गटाचे आडनाव त्याने लावले.

इथे पहिला आक्षेप येतो. ज्याला तुम्ही संवाद म्हणता ती निव्वळ सक्ती आहे. गळ्यावर सुरी ठेवून झालेल्या गोष्टीला संवाद कसे म्हणायचे? आक्षेप रास्त आहे आणि असदखानाला त्यातून सोडवायचे कारण नाही. पण तो खानाला लागू पडतो, महंमद खोरासान्याला नाही. शिवाय या सक्तीचे स्वरूपही पाहिले पाहिजे. त्या मुलखातली बहुसंख्य रयत हिंदू होती आणि तिच्याकडे अशी मागणी रोज उठून कोणी करत नव्हते. तिच्यासाठी देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांची बसलेली घडी होती. देशावर ख्रिस्ती माणसाला ना जमात होती ना वतन, ना त्याच्यासाठी बोलणारा कोणी मुखिया. ठाण्याला निदान नेस्टोरियनांची घरे होती. जुन्नरला निकितीन एकटा होता आणि कोणत्याच खात्यात मावत नव्हता. म्हणून त्याला कोणाच्या तरी ओळखीची गरज पडली, आणि ती ओळख देणारा दुसऱ्या धर्माचा निघाला. ठाण्यात त्या चौघांच्या बाजूने काझीकडे जाऊन बोलणारा कोणी मुसलमान नव्हता. त्यांची इथे कोणाशी देवघेव नव्हती. आले, उतरले आणि वादात सापडले. निकितीनला मात्र व्होल्गाकाठच्या तातारांच्या शेजारामुळे तुर्की-फारसीची बाजारी बोली येत होती. खोरासान्यापुढे गाऱ्हाणे घालायला त्याला दुभाषा लागला नसणार.

संवादाचा दुसरा भाग बीदरला घडला. जुन्नरहून तो मरियमेच्या सणाला निघाला, महिनाभर चालून बीदरला पोचला आणि नाताळच्या सुमारास घोडा विकला. तिथे एका मलिकाने त्याला पुन्हा धर्मांतराचा आग्रह केला. या वेळी मुदत नव्हती, मोहरा नव्हत्या, नुसते बोलणे होते. निकितीनने सांगितले की तुम्ही तुमची नमाज पढता, मी माझी. तुमच्या पाच, माझ्या तीन. मी परका, तुम्ही इथले. त्यावर मलिक म्हणाला की तू मुसलमान नाहीस असे दिसतेच, पण तुला ख्रिस्ती धर्मही नीट येत नाही. हे उत्तर वर्मी लागले. पोथ्या आस्त्राखानला गेलेल्या, ईस्टर कधी आहे हे कळायला साधन नाही, उपवासाचे दिवस अंदाजाने धरायचे, असा तो होता. मलिकाचे म्हणणे ऐकून आपण मोठ्या विचारात पडलो, असे तो स्वतःच लिहितो. मला या सगळ्या प्रकरणात हाच मलिक सर्वांत विलक्षण वाटतो. समोरच्याला आपल्या धर्मात ओढता येत नाही हे दिसल्यावर त्याने त्याला त्याच्याच धर्मातल्या उणिवेची जाणीव करून दिली. ठाण्याच्या काझीला हे सुचले नाही, आणि त्या फ्रान्सिस्कनांनाही नाही.

पुढे निकितीनने मुसलमानांसोबत महिनाभर रोजे धरले, मांस वर्ज्य केले, आणि त्या काळात आकाश व पृथ्वी घडवणाऱ्या परमेश्वराशिवाय दुसऱ्या कोणाचे नाव घेतले नाही, असे नोंदले. त्याच्या वहीत जागोजागी रशियन मजकूर तुटून तुर्की, फारसी, अरबी शब्दांतल्या प्रार्थना सुरू होतात. शेवटची लांबलचक प्रार्थना तर कुराणातल्या ईश्वरनामांनी भरलेली आहे आणि तिच्यात येशूचा उल्लेख मुसलमान करतात तसा, ईसा रूहुल्लाह म्हणून, येतो. खरा धर्म कोणता ते देव जाणे, एका देवाला ओळखावे आणि शुद्ध जागी शुद्ध मनाने त्याचे नाव घ्यावे, इथवर तो येऊन पोचला. यावरून गेल लेनहॉफ या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७९ मध्ये असा निष्कर्ष काढला की निकितीनने ख्रिस्ती धर्म सोडलाच होता. हा आक्षेप माझ्या मांडणीच्या मुळावर येतो, कारण तो खरा असेल तर जुन्नरची रदबदली फुकट गेली आणि संवादाचा शेवट धर्मांतरात झाला असे म्हणावे लागेल. रशियन अभ्यासक लुरिये यांनी तो मान्य केला नाही, आणि मला त्यांची बाजू भक्कम वाटते. मुसलमान झालेला माणूस बहमनी राज्यात सुखाने राहिला असता. निकितीनने परतीची वाट धरली, जिथे धर्म सोडल्याचे उघड झाले असते तर त्याची धडगत नव्हती. परक्या भाषेत लिहिलेल्या मजकुरात रशियाच्या सरदारांच्या अन्यायाबद्दलही चार शब्द आहेत, म्हणजे भाषा बदलण्याचे एक कारण घरच्यांच्या नजरेपासून लपणे हेही असावे. तरीही एवढे मान्य केले पाहिजे की जो अफानासी त्वेरहून निघाला तो अफानासी परतत नव्हता. संवादात पडलेला माणूस जसाच्या तसा बाहेर येतो, असे मानणाऱ्यांनाच याचा धक्का बसेल.

वाटेत हिंदूंशीही त्याचे जमले. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत, नाव अफानासी, हे बीदरला त्याने त्यांना उघड सांगितले, आणि मग त्यांनी त्याच्यापासून खाणेपिणे, देवपूजा काही लपवले नाही. त्यांच्यासोबत तो श्रीशैलच्या यात्रेलाही जाऊन आला. पण तो वेगळा विषय. घरी मात्र तो पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याची वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेली, १४७५ मध्ये ती महाराजांचा कारकून वासिली मामिरेव याच्या हाती पडली आणि तिथून बखरींत उतरली. ऑर्थोडॉक्स नकलनविसांनी त्या अरबी प्रार्थनाही इमानेइतबारे उतरून काढल्या, बहुधा अर्थ न कळताच. आपल्याकडे निकितीनची ओळख झाली ती १९५७ च्या भारत-सोव्हिएत ‘परदेसी’ चित्रपटामुळे, मैत्रीचा दूत म्हणून.

दुसरा आक्षेप असा की एका खोरासान्याच्या भलेपणावर इतिहास उभा राहत नाही. माणूस गेला की व्यवस्था गेली. हे खरेच आहे, आणि पुराव्यानेही तसेच दिसते. ५ एप्रिल १४८१ रोजी बनावट पत्राच्या आधारे महमूद गवानचा शिरच्छेद झाला, कट दखनी सरदारांचा होता, म्हणजे चाकणचाच प्रयोग पुन्हा. १४९० मध्ये मलिक अहमदने जुन्नरहून स्वतंत्र निजामशाही उभी केली. आणि मार्च १५०८ मध्ये, निकितीन उतरला त्याच चौलच्या पाण्यात, पोर्तुगीज गलबते आणि इजिप्तहून आलेले मुसलमान आरमार एकमेकांवर तोफा डागत होती. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तिथेच पडला. चाळीस वर्षांपूर्वी ख्रिस्ती माणूस चौलला एक घोडा घेऊन आला होता. आता तो तोफा घेऊन आला होता, आणि ज्याच्यामागे तोफा आहेत त्याला कोणाच्या रदबदलीची गरज उरत नाही. संवाद आटला त्याचे मला दिसणारे मुख्य कारण हे आहे.

तरीही तो पुरता आटला नाही, कारण गरज तोफांनी संपत नाही. मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याच्या दरबारात गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य जात-येत होता. १५३४ मध्ये तो गोव्याला आला. पुढे मुंबई बेटही त्याने पोर्तुगीज सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतले. बुऱ्हाणच्या औषधोपचाराच्या निमित्ताने अरब, इराणी आणि तुर्की हकिमांशी त्याची उठबस झाली, कोणत्या द्रव्याला अरबीत काय म्हणतात, इब्न सीनाने त्याबद्दल काय लिहिले, यावर चर्चा झाल्या. त्यातून आलेले त्याचे औषधींवरचे पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले आणि त्याची रचनाही दोन माणसांच्या संभाषणाची आहे. निजामशहाचे नाव त्यात वारंवार आणि आदराने येते. पोर्तुगीज आणि निजामशाही यांचे चौलवरून खटके उडत असताना हा माणूस दोन्हीकडे वावरत होता, कारण आजारी सुलतानाला वैद्य हवा होता आणि वैद्याला ज्ञान हवे होते. यात धर्मचर्चा किती झाली असेल? थोडीच. पण ज्यांच्यावर आपला जीव सोपवायचा आणि ज्यांच्याकडून शिकायचे ते परधर्मी आहेत, याची सवय दोघांनाही झाली, आणि काझीपुढच्या वादाने जे साधले नव्हते ते या सवयीने साधले.

ऑर्ता मुळात ज्यू घराण्यातला, बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जिवंत जाळले आणि खुद्द ऑर्ताची चौकशी त्याच्या मृत्यूनंतरही चालू ठेवली. १५७९ च्या नोव्हेंबरात त्याच गोव्यातून पाद्री रुडॉल्फ अक्वाविव्हा आणि त्याचे दोन सोबती अकबराच्या बोलावण्यावरून निघाले आणि १५८० च्या फेब्रुवारीत फतेहपूर सिक्रीला पोचले. इबादतखान्यात उलेमांशी त्यांचे जे वाद रंगले, ते ख्रिस्ती-मुसलमान संवादाचा मानबिंदू म्हणून आजही सांगितले जातात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोव्यात गार्सिया द ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली.